रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवरील कॉमन लॉगिन: ठेवावे कधी, काढावे कसे

कार्यालयात विंडोजचा रिमोट डेस्कटॉप सर्व्हर, म्हणजे ज्यावर सगळे जण आपापल्या यंत्रावरून जोडून काम करतात तो संगणक, सुरू झाला की थोड्याच दिवसांत एक मागणी हमखास पुढे येते: प्रत्येकाला वेगळे खाते देण्यापेक्षा विभागासाठी एकच कॉमन लॉगिन द्यावे, म्हणजे पासवर्ड लक्षात ठेवण्याची कटकट उरणार नाही. मागणी करणाऱ्याच्या मनात काही वावगे नसते. त्याला सर्वांनी मिळून वापरायचे फोल्डर हवे असते, विभागाची मेल सगळ्यांना दिसायला हवी असते, आणि एखादा सहकारी रजेवर गेला तर त्याचे अर्धवट राहिलेले काम दुसऱ्याला हाती घेता यावे एवढीच अपेक्षा असते. या प्रत्येक गरजेसाठी सर्व्हरमध्ये स्वतंत्र सोय आहे, आणि त्यांपैकी एकाही सोयीसाठी माणसांनी आपली ओळख वाटून घ्यावी लागत नाही, असे माझे ठाम मत आहे. ते मत कशावर उभे आहे हे सांगायचे, तर आधी सर्व्हर माणसे कशी ओळखतो ते पाहावे लागेल.

एकाच विंडोज यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करायचे ही व्यवस्था मायक्रोसॉफ्टने १९९८ साली विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीतून आणली, आणि विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून तिला रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस हे आजचे नाव मिळाले. नाव बदलले तरी मांडणी तीच राहिली. जोडणी झाली की सर्व्हर एक सेशन उघडतो आणि त्याला क्रमांक देतो. चालू असलेले प्रोग्रॅम, पडद्यावरच्या खिडक्या आणि क्लिपबोर्ड त्या सेशनचे असतात. प्रोफाइल (वापरकर्त्याच्या फाइली आणि मांडणी), रजिस्ट्री या विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातील वैयक्तिक विभाग, साठवलेले पासवर्ड आणि फाइलींवरचे हक्क मात्र खात्याचे असतात. म्हणजे सेशन जोडणीमागे एक आणि खाते माणसामागे एक, हे या मांडणीचे गृहीतक आहे. एकच खाते चार जणांना दिले की सेशन चार होऊ शकतात, पण बाकी सगळे एकच राहते. पुढचा सगळा गोंधळ याच विसंगतीतून निर्माण होतो.

पहिला अनुभव बहुतेकांना येतो तो पडदा हिसकावला जाण्याचा. एका वापरकर्त्याला एकच सेशन मिळावे अशी मर्यादा विंडोज सर्व्हरवर मुळातच चालू असते. एक जण सामायिक खात्याने आत येऊन नोंद करत असतो; नोंद अर्धी झालेली असते; तेवढ्यात दुसरा त्याच नावाने आणि पासवर्डने येतो. सर्व्हरच्या दृष्टीने हा तोच माणूस दुसऱ्या यंत्रावर जाऊन बसलेला आहे, म्हणून तो चालू सेशन उचलून दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवतो. पहिल्याच्या पडद्यावर एवढाच संदेश उरतो, की दुसऱ्या वापरकर्त्याने जोडणी केल्यामुळे आपली जोडणी तुटली आहे, पुन्हा प्रयत्न करावा. तो अर्थातच पुन्हा प्रयत्न करतो आणि दुसरा बाहेर फेकला जातो. दोघांनाही सर्व्हर बिघडला आहे असे वाटते, आणि तक्रारही तशीच येते. दरम्यान पहिल्याने भरत ठेवलेला अर्ज दुसऱ्याने आपलाच समजून पुढे पाठवला, तर तो सर्व्हरचा दोष म्हणता येत नाही.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे ग्रुप पॉलिसीमध्ये, म्हणजे विंडोजच्या मध्यवर्ती नियमांच्या मांडणीत, जाऊन ही एका सेशनची मर्यादा काढून टाकणे. ती काढली की भांडण थांबते, पण मग सर्व्हरवर क्वेरी युजर ही सेशनांची यादी दाखवणारी आज्ञा देऊन पाहावे. वापरकर्त्याच्या रकान्यात एकाखाली एक तेच नाव दिसते. शेजारच्या रकान्यात कोणाचे सेशन आरडीपी-टीसीपी असे दिसते आणि त्यापुढे क्रमांक असतो, तर कोणाचा तो रकाना रिकामा असतो. रिकामा रकाना आणि पुढे डिस्क (डिस्कनेक्टेडचे लघुरूप) ही अक्षरे याचा अर्थ माणूस निघून गेला आहे, सेशन मात्र चालू आहे. चार ओळींपैकी नेमकी कोणती बंद करावी हे आता कोणाला विचारणार? खिडकीच्या कोपऱ्यातील फुली दाबली म्हणजे बाहेर पडलो, असे वापरकर्ते धरून चालतात; प्रत्यक्षात फुलीने फक्त जोडणी तुटते आणि सेशन त्यातील उघड्या फाइलींसह सर्व्हरवर तसेच राहते. खाते वेगळे असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला तेच सेशन परत मिळते, आणि ही या व्यवस्थेची मोठी सोय आहे. खाते सामायिक असेल तर तेच सेशन भलत्याच्याच हाती पडू शकते.

प्रोफाइलचा प्रश्न याहून चिवट आहे, कारण तो एकदम दिसत नाही. क्रोम आपले प्रोफाइल एका वेळी एकाच ठिकाणी उघडू देतो, त्यामुळे दुसऱ्या सेशनमधील माणसाने चिन्हावर कितीही वेळा क्लिक केले तरी ब्राउझर उघडत नाही. आउटलुकची स्थानिक डेटा फाइलही अशीच आधी आलेल्याच्या ताब्यात राहते. एक्सेलची फाइल दुसऱ्याने उघडलेली असेल तर ती कोणी उघडली आहे हे सांगणारा संदेश येतो, पण ऑफिसमध्ये नोंदवलेले नावही खात्याबरोबर येत असल्याने प्रत्येकाला विभागाचेच नाव दिसते, आणि मग सगळे एकमेकांकडे पाहत राहतात. एका माणसाने ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड सगळ्यांना उपलब्ध होतो, हा भाग तर वेगळाच. सर्व्हर एकाहून अधिक असतील आणि प्रोफाइल डिस्कची पद्धत (प्रत्येक खात्याचे प्रोफाइल एका वेगळ्या आभासी डिस्कमध्ये ठेवण्याची) वापरली असेल, तर ती डिस्क एका वेळी एकाच सर्व्हरला जोडली जाते. त्याच खात्याने दुसऱ्या सर्व्हरवर पोहोचलेल्याला तात्पुरते प्रोफाइल मिळते आणि त्याने डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल साइन आउट करताच नाहीशी होते.

आता नोंदींकडे वळतो, कारण सामायिक खात्याची खरी किंमत तिथे मोजावी लागते. विंडोजच्या सुरक्षा नोंदवहीत यशस्वी लॉगिनसाठी ४६२४ आणि फसलेल्या लॉगिनसाठी ४६२५ हा क्रमांक येतो. रिमोट डेस्कटॉपच्या सेशनला लॉगिनचा प्रकार १० असतो. मात्र नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू असेल, आणि ते चालूच असावे, तर पासवर्डची तपासणी सेशन उघडण्याआधी होते आणि फसलेले प्रयत्न प्रकार ३ खाली नोंदले जातात. प्रकार १० ची गाळणी लावून कोणी फसलेले लॉगिन शोधू लागला तर त्याला काहीच सापडत नाही आणि तो उगाच निर्धास्त होतो. सेशन पुन्हा जोडले गेले की ४७७८, तुटले की ४७७९, आणि या दोन नोंदींमध्ये समोरच्या यंत्राचे, म्हणजे ज्यावरून जोडणी झाली त्याचे, नाव व नेटवर्कवरील पत्ता असतो. टर्मिनल सर्व्हिसेसच्या लोकल सेशन मॅनेजर या वेगळ्या नोंदवहीत २१, २३, २४ आणि २५ हे क्रमांक अनुक्रमे लॉगिन, साइन आउट, जोडणी तुटणे आणि पुन्हा जुळणे दाखवतात, आणि ती वाचायला सुरक्षा नोंदवहीपेक्षा कितीतरी सोपी आहे.

या सगळ्या नोंदी जोडून पाहिल्या तरी सामायिक खात्याच्या बाबतीत हाती लागते ते यंत्र, माणूस नव्हे. यंत्राचे नाव समोरचे यंत्र स्वतःच सांगते, त्यामुळे त्यावर फार विसंबता येत नाही. पत्त्याचे म्हणावे तर एका राउटरच्या मागे बसलेले सगळे जण बाहेरच्या सर्व्हरला एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. एखादे फोल्डर पुसले गेले आणि ते कोणी पुसले असा प्रश्न आला, तर नोंदवही प्रामाणिकपणे विभागाचे नाव सांगते. मग चौकशी तोंडी होते, आणि तोंडी चौकशीत जो त्या वेळी जागेवर नसतो त्याच्यावर खापर फुटते. वेगळे खाते कर्मचाऱ्यावर पाळत ठेवण्यासाठी असते अशी एक समजूत आहे. माझ्या मते त्याचा अधिक उपयोग होतो तो न केलेल्या कामाच्या आरोपातून सुटण्यासाठी. पैशांच्या कार्डांचे व्यवहार हाताळणाऱ्या संस्थांना लागू असलेल्या पीसीआय डीएसएस या मानकातही प्रत्येक वापरकर्त्याची ओळख स्वतंत्र असावी आणि सामायिक खाते केवळ अपवाद म्हणून असावे, असा दंडक आहे.

पासवर्डाचे दुखणे वेगळेच. एकाने चुकीचा पासवर्ड वारंवार दिला की खाते कुलूपबंद होते, आणि सामायिक खाते असेल तर अख्खा विभाग बाहेर राहतो. पासवर्ड बदलला तरी तीच गत: कोणाच्या तरी यंत्रावर जुना पासवर्ड जोडणीसोबत साठवलेला असतो, कोणाचे तुटलेले सेशन आतून जुन्याच पासवर्डाने एखादे नेटवर्क ड्राइव्ह उघडू पाहत असते, आणि हे प्रयत्न मोजले जाऊन खाते पुन्हा पुन्हा कुलूपबंद होते. या त्रासामुळे पासवर्ड बदलणेच सोडून दिले जाते, आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाला तो ठाऊक राहतो. माणूस गेला की त्याचे खाते बंद करायचे, ही एका मिनिटाची गोष्ट सामायिक खात्यात शक्यच होत नाही. स्वतंत्र खात्याच्या बाबतीतही एक खबरदारी घ्यावी: खाते बंद केल्याने चालू सेशन आपोआप संपत नाही, ते वेगळे साइन आउट करावे लागते. दोन टप्प्यांच्या पडताळणीचे तर बोलायलाच नको. सामायिक खात्याचा कोड एकाच्या फोनवर येतो आणि बाकीचे दिवसभर त्याला फोन करत राहतात.

राहिला रिमोट डेस्कटॉप वापरण्यासाठी विकत घ्याव्या लागणाऱ्या परवान्यांचा मुद्दा. एक खाते म्हणजे एक परवाना, असा हिशेब अनेक जण मनात धरून असतात आणि तो चुकीचा आहे. प्रति वापरकर्ता परवाना प्रत्येक माणसामागे लागतो, मग तो कोणत्या नावाने आत येवो. या प्रकारात सर्व्हर मोजणीवर काटेकोर अडवणूक करत नाही, म्हणून चालून जाते एवढेच. पाळ्यांमध्ये काम चालते आणि एकाच यंत्रावर दिवसभरात अनेक जण बसतात, अशा ठिकाणी प्रति उपकरण परवाना घेणे परवडते: यंत्रामागे एक परवाना आणि त्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचे खाते. सक्रिय निर्देशिका (ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे सगळ्या खात्यांची मध्यवर्ती नोंद) नसलेल्या साध्या वर्कग्रुपमध्येही प्रति उपकरण हाच प्रकार लागू पडतो. परवाने बसवण्यासाठी सुरुवातीला १२० दिवसांची मुदत मिळते, आणि नेमकी त्या मुदतीनंतर पहिल्यांदा सगळ्यांना या विषयाची आठवण होते.

तर मूळ गरजा कशा भागवाव्यात? फोल्डरसाठी विभागाचा एक गट तयार करावा, फोल्डरवर त्या गटाला मॉडिफाय हा हक्क द्यावा, फुल कंट्रोल देऊ नये, आणि माणसांना फक्त गटात घालावे किंवा गटातून काढावे. फोल्डरच्या हक्कांच्या यादीत व्यक्तींची नावे दिसू लागली की समजावे, कोणीतरी घाई केली आहे. सर्व्हरवर येण्याचा हक्कही असाच द्यावा: रिमोट डेस्कटॉप युजर्स या स्थानिक गटात विभागाचा गट घालावा. गटातील बदल माणसाने पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होतो, हे त्याला आधी सांगितले तर बराच पत्रव्यवहार वाचतो. नेटवर्क ड्राइव्ह आणि प्रिंटर ग्रुप पॉलिसीतून गटानुसार जोडता येतात, सर्वांना दिसायला हवेत असे शॉर्टकट पब्लिक डेस्कटॉपवर ठेवता येतात, आणि विभागाच्या मेलसाठी सामायिक मेलबॉक्स असतो, ज्यात प्रत्येक जण आपापल्या खात्यातून जातो. एकमेकांचा पडदा पाहून मदत करायची असेल तर शॅडो ही सोय आहे. विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये ती काढली होती आणि २०१२ आर२ मध्ये परत आणली. ती वापरताना समोरच्याची परवानगी विचारली जाते, आणि ती विचारणा बंद करण्याचा पर्याय असला तरी तो वापरू नये असे मी म्हणेन. एका सेशनची मर्यादा चालूच ठेवावी. तुटलेले सेशन किती वेळाने संपवायचे याची मुदतही ठरवावी, पण ती इतकी आखूड नसावी की जेवून आलेल्या माणसाचे न साठवलेले काम गेलेले असेल.

स्वतंत्र खाती उघडताना एक जागा हमखास अडते. नव्या खात्यावर ‘पुढील लॉगिनच्या वेळी पासवर्ड बदलणे आवश्यक’ ही खूण लावली जाते, जी एरवी योग्यच आहे. पण नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन असलेल्या सर्व्हरवर थेट रिमोट डेस्कटॉपने येणाऱ्याला पासवर्ड बदलण्याचा पडदा दिसण्याआधीच नकार मिळतो. त्यासाठी ही तपासणी बंद करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, आणि तो घेऊ नये. आरडी वेब ॲक्सेसच्या, म्हणजे ब्राउझरमधून रिमोट डेस्कटॉपकडे नेणाऱ्या, पानावर पासवर्ड बदलण्याची सोय चालू करावी, किंवा पहिला पासवर्ड समक्ष देऊन, आत आल्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एंड या कळा एकत्र दाबून तो तिथल्या तिथे बदलून घ्यावा.

तरीही काही ठिकाणी सामायिक खाते टाळता येत नाही. स्वागतकक्षातील माहितीचा पडदा, एखादे जुने सॉफ्टवेअर जे आपली मांडणी एकाच खात्याच्या रजिस्ट्रीत ठेवते, किंवा काही तासांसाठी येणारी प्रशिक्षणार्थींची तुकडी, ही अशी ठिकाणे. अशा खात्याला मी धर्मशाळेतल्या खोलीसारखे मानतो: कोणीही राहावे, पण मागे काही ठेवू नये. त्यासाठी मँडेटरी प्रोफाइल उपयोगी पडते. सेशनमध्ये केलेले बदल साइन आउटबरोबर पुसले जातात आणि पुढच्याला मूळ मांडणी मिळते. पूर्ण डेस्कटॉप देण्याऐवजी रिमोटॲपमधून तो एकच प्रोग्रॅम द्यावा. खात्याला स्वतःचा पासवर्ड बदलता येणार नाही अशी खूण लावावी, लॉगिनच्या वेळा कामाच्या तासांपुरत्या ठेवाव्यात, आणि इतर सर्व्हरांवर त्याला रिमोट डेस्कटॉपने येण्यास पॉलिसीतूनच मनाई करावी. त्या खात्यात मेल नसावी, साठवलेले पासवर्ड नसावेत आणि ते कुठल्याही प्रशासक गटात नसावे. खात्याच्या वर्णनाच्या रकान्यात त्याची जबाबदारी कोणत्या पदाकडे आहे ते लिहून ठेवावे, कारण ज्याला धनी नसतो ते खाते कोणीच बंद करत नाही.

प्रशासकाचे खाते मात्र या अपवादांत कधीच बसत नाही, आणि व्यवहारात सर्वाधिक सामायिक केले जाते ते तेच. देखभालीचे काम तिघे पाहत असतील तर तिघांना रोजच्या खात्याखेरीज वेगळी प्रशासकीय खाती द्यावीत. प्रत्येक यंत्रावरच्या स्थानिक प्रशासकाचा पासवर्ड विंडोज लॅप्सकडे सोपवावा. एप्रिल २०२३ पासून ते विंडोजमध्येच अंतर्भूत आहे आणि यंत्रागणिक वेगळा पासवर्ड ठेवून तो ठरावीक काळाने बदलते.

जुने सामायिक खाते मोडताना घाई करू नये. आधी त्याच्या प्रोफाइलमध्ये काय साठले आहे ते पाहावे: डेस्कटॉपवरच्या फाइली, ब्राउझरमधील बुकमार्क आणि पासवर्ड, जोडलेली ड्राइव्हे, आणि विशेषतः त्या खात्याच्या नावाने चालणारी शेड्यूल केलेली कामे व सेवा. रात्रीचा बॅकअप विभागाच्या खात्याच्या नावावर चालत असल्याचे याच वेळी उघडकीस येते. फाइली गटाच्या फोल्डरमध्ये हलवाव्यात आणि स्वयंचलित कामांना स्वतंत्र सेवा खाते द्यावे. वर्कग्रुपमधील स्थानिक खाते असेल तर त्याचा पासवर्ड प्रशासकाने जबरदस्तीने बदलू नये, कारण त्या खात्यात साठवलेले पासवर्ड आणि विंडोजच्या एन्क्रिप्शनने बंद केलेल्या फाइली त्यामुळे हाताबाहेर जाऊ शकतात. मग माणसांना नव्या खात्यांवर आणावे, आणि सर्व जण आले असे वाटले की जुने खाते पुसून न टाकता फक्त बंद करावे.

बंद केलेले खाते काही काळ तसेच ठेवण्याचा एक मोठा फायदा आहे. त्या नावाने कोणी अजूनही आत येऊ पाहिले तर ४६२५ ची नोंद होते आणि तिच्यातील सबस्टेटस या कारण सांगणाऱ्या संकेतांकाच्या शेवटी ७२ हा आकडा दिसतो, ज्याचा अर्थ खाते बंद आहे असा होतो. चुकीच्या पासवर्डाचा सबस्टेटस वेगळा असतो. या नोंदीतील यंत्राचे नाव पाहून, कोणत्या टेबलावर जुना शॉर्टकट शिल्लक आहे किंवा कोणते विसरलेले काम पहाटे धडका देत आहे, हे सापडते. महिनाअखेरीलाच लागणारी कामे असतात, म्हणून किमान एक महिनाअखेर उलटू द्यावी. नोंदी शांत झाल्या की खाते काढावे, आणि त्याचे प्रोफाइल सिस्टीमच्या प्रगत सेटिंगांतील युजर प्रोफाइल्सच्या यादीतून काढावे. फोल्डर एक्सप्लोररमधून थेट पुसले तर रजिस्ट्रीतील प्रोफाइलची नोंद मागे राहते, आणि सर्व्हर नसलेल्या फोल्डरकडे बोट दाखवत राहतो.